पडदेवाल्या काकांना, बाणेरच्या ऑफिसातून

काका, सप्रेम नमस्कार.

बिल चुकतं केलं तेव्हा ‘थँक यू’ म्हटलं होतं, पण ते व्यवहारापुरतं. हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण गिऱ्हाइकाला कमी माल घ्यायला लावणारा माणूस लोकांना कळायला हवा.

आमची पश्चिमेची बाजू सगळी काचेची. मार्चपासून दुपारी तीननंतर तिरपं ऊन थेट टेबलांवर. त्या रांगेतले एसी २० वर न्यायचे, आतले शाली पांघरून बसायचे. आमची मागणी होती सगळीकडे गडद, जाड पडदे लावा.

तुम्ही कापडाचे तुकडे काचेला धरून दाखवलेत. ऊन काचेतून आत आलं की गडद पडदा ते शोषतो, तापतो आणि ती ऊब खोलीतच सोडतो. म्हणून काचेकडे चंदेरी पाठ, म्हणजे बरंचसं ऊन आल्या वाटेनं परत जातं. आपल्याकडे मात्र करडा रंग, कारण पांढऱ्या कापडाची चमक डोळ्यांवर येते. वीण तीन टक्के उघडी, त्यामुळे झाडं दिसत राहतात. बाहेरून झडपा असत्या तर याहून बरं झालं असतं, हेही तुम्हीच सांगितलंत! (भाड्याच्या इमारतीत ते आमच्या हाती कुठे?)

उत्तरेला तर तुम्ही पडदेच नको म्हणालात. पुण्यात १३ मेच्या शून्य सावलीनंतर (त्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो) जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेला कलतो खरा, पण इतका उंच असतो की आत शिरत नाही. सकाळ-संध्याकाळची तिरीप तेवढी येते, आणि जूनपासून ढग असतातच.

जाताना आमच्या मावशींना नेम घालून दिलात: पश्चिमेचे पडदे सकाळी पूर्ण वर, जेवणानंतर खाली. पडदे पाडून दिवे लावले की दिव्याची वीज जाते आणि त्याची उष्णता बाहेर काढायला एसीची वेगळी. मावशी हे आमच्या साहेबांनाही ऐकवतात. नवे खोली-एसी २०२० पासून मुळातच २४ अंशांवर ठरवून येतात. आमच्याकडे तो आकडा आता, पडदे लागल्यावर, टिकायला लागलाय.

आता पूर्वेच्या मीटिंग रूमचं माप घ्यायला या. सकाळी दहाला पडद्यावरचं प्रेझेंटेशन दिसत नाही. तिथे तरी गडद कापड चालेल ना?

तुमची,
ऑफिसवाल्या मॅडम