संसदेतलं क्रीडा खातं कसं वाचावं: तालीम चालवणाऱ्या मित्रास पत्र

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दिल्लीत क्रीडामंत्री कायदे करतात, सभागृहात बाकं वाजतात, पण त्यातलं आमच्या तालमीच्या हौद्यापर्यंत काय पोचतं, असं तू विचारलं आहेस. पोचतं, पण भाषणांतून नाही. मंत्र्याचं संसदेतलं काम तीन ठिकाणी सापडतं: विधेयकाची कलमं आणि त्यांवर शेवटच्या घटकेला आलेल्या सरकारी दुरुस्त्या, अर्थसंकल्पातल्या अनुदानाच्या मागण्या, आणि खासदारांच्या प्रश्नांना दिलेली लेखी उत्तरं. टीव्हीवर यांपैकी काहीच धड दिसत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी कायदा. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक क्रीडामंत्री मनसुख मांडवियांनी २३ जुलै २०२५ ला लोकसभेत मांडलं. ११ ऑगस्टला लोकसभेने आणि १२ ऑगस्टला राज्यसभेने ते मंजूर केलं, आणि १८ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. तारखा पाहून वाटेल, महिन्याभरात आटोपलं. प्रत्यक्षात हे घोंगडं २०११ पासून भिजत पडलं होतं. तेव्हाचे क्रीडामंत्री अजय माकन यांनी वयोमर्यादा, माहितीचा अधिकार आणि क्रिकेट मंडळासह सगळ्या संघटना कायद्याखाली आणणारा मसुदा मंत्रिमंडळापुढे नेला आणि तो परत पाठवला गेला. त्या मंत्रिमंडळातले काही जण स्वतःच क्रीडा संघटनांच्या खुर्च्यांवर होते, हे विसरू नकोस.

कायदा नव्हता तेव्हा काय होतं? २०११ ची क्रीडा संहिता. ती सरकारी आदेशाच्या स्वरूपाची. संघटनेने निवडणूक टाळली, अध्यक्ष वर्षानुवर्षं हलला नाही, तर मंत्रालयाच्या हातात एकच उपाय: मान्यता आणि अनुदान रोखणं. त्याने पदाधिकाऱ्याचं काही बिघडत नाही, खेळाडूचं शिबिर बंद पडतं. मग कोणीतरी न्यायालयात जातो, न्यायालय प्रशासक नेमतं, आणि आंतरराष्ट्रीय महासंघ ‘बाहेरचा हस्तक्षेप’ म्हणून सगळ्या देशालाच निलंबित करतो. फुटबॉलमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये नेमकं हेच झालं. फिफाने भारताला निलंबित केलं, आणि ऑक्टोबरात तर आपल्याकडे १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक होता, नवी मुंबई, गोवा आणि भुवनेश्वरला. प्रशासक समिती मागे घेतल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठलं, म्हणून स्पर्धा वाचली. कुस्तीचं तुला सांगायला नको. निवडणूक वेळेत न झाल्याने ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने भारतीय महासंघ निलंबित केला आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याशिवाय, तटस्थ खेळाडू म्हणून उतरले. अंतिम पंघालचं कांस्यपदक त्याच स्पर्धेतलं.

नवा कायदा ही गाठ तीन संस्थांनी सोडवू पाहतो. राष्ट्रीय क्रीडा मंडळ महासंघांना मान्यता देईल आणि गरज पडल्यास काढूनही घेईल. मान्यता काढण्याची कारणं कायद्यातच लिहिली आहेत: कार्यकारिणीची निवडणूक न घेणं किंवा तिच्यात मोठा गैरप्रकार, लेखापरीक्षण झालेले वार्षिक हिशेब प्रसिद्ध न करणं, सरकारी पैशाचा गैरवापर. दुसरी संस्था राष्ट्रीय क्रीडा लवाद. अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचे आजी-माजी न्यायमूर्ती किंवा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, सोबत आणखी दोन सदस्य. निवड आणि निवडणुकीचे वाद आता दिवाणी न्यायालयाऐवजी इथे येतील. सरकारच्याच सांगण्यानुसार असे साडेतीनशेहून जास्त खटले देशभर तुंबले होते. तिसरी संस्था निवडणुकांवर देखरेख ठेवणारं पॅनल.

कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ जण, त्यांत किमान ४ महिला आणि किमान २ नामवंत खेळाडू. अध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार सलग तीन कार्यकाळ, म्हणजे बारा वर्षं राहू शकतात, नंतर एक कार्यकाळ विश्रांती. वयाची अट ७० वर्षांची, पण आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम परवानगी देत असतील तर ७५ पर्यंत सवलत. ही सवलत मला पटत नाही. संहितेत जी रेषा स्पष्ट होती, ती कायद्यात येताना पुसट झाली.

त्याहून मोठी गोष्ट माहितीच्या अधिकाराची. मूळ विधेयकात मान्यताप्राप्त प्रत्येक संघटना माहिती अधिकाराखाली येत होती. मंजुरीआधी सरकारने स्वतःच दुरुस्ती आणली आणि ते फक्त सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरतं ठेवलं. क्रिकेट मंडळ अनुदान घेत नाही, तेव्हा ते या कलमातून सुटलं. म्हणूनच सांगतो, विधेयक मांडलं तेव्हाचा मसुदा वाचून मत बनवू नकोस, मंजूर झालेली प्रत मिळव आणि दोन्ही शेजारी ठेवून वाच. मंत्र्याला काय करायचं होतं आणि काय करू शकला, हे त्या फरकात दिसतं.

लोकसभेत हे विधेयक बिहारच्या मतदारयाद्यांवरून चाललेल्या गोंधळात संमत झालं. राज्यसभेत चर्चा बरी झाली. भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा तिथे नामनियुक्त खासदार आहेत, त्यांनी पाठिंबा दिला. पण विधेयक खासदारांच्या स्थायी समितीकडे छाननीला गेलं नाही, आणि ते जायला हवं होतं. समितीपुढे खेळाडू, प्रशिक्षक, राज्य संघटना येऊन साक्ष देतात. लवादाच्या निर्णयावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, तेही तीस दिवसांत, हे कलम तिथे कोणीतरी नक्की अडवलं असतं. गावाकडच्या मल्लाने निवड चाचणीच्या वादासाठी दिल्लीत वकील कसा उभा करायचा?

आता कायद्याच्या पोटात काय असतं तेही बघ. बरीचशी तपशिलाची कामं ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ या चार शब्दांवर सोडलेली असतात. म्हणजे नियम नंतर मंत्रालय करणार. वेगवेगळी कलमं वेगवेगळ्या तारखांना लागू करायची मुभाही सरकारला असते. कायदा मंजूर झाला म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही, राजपत्रातली अधिसूचना बघायची. नियम झाले की ते दोन्ही सभागृहांच्या पटलावर एकूण तीस दिवस ठेवावे लागतात आणि त्या मुदतीत कोणताही खासदार त्यांत बदल सुचवू शकतो. ही संधी जवळजवळ कोणी वापरत नाही. खासदाराला दोष देण्याआधी आपण त्याच्याकडे नियमाचा क्रमांक आणि हवा तो बदल लिहून दिला होता का, हे विचारायला हवं.

पैशाचं थोडक्यात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या मंत्रालयाला ३,७९४.३० कोटी मिळाले, त्यांत खेलो इंडिया या केंद्राच्या क्रीडा योजनेला १,००० कोटी. आकडा मोठा दिसतो, पण त्याच्या शेजारचा रकाना वाच. आदल्या वर्षी खेलो इंडियाला ९०० कोटी ठरले होते आणि सुधारित अंदाजात ते ८०० वर आले. ठरलेला आणि सुधारित अंदाज यांतलं अंतर हाच खरा प्रश्न असतो, आणि तो बहुतेक वेळा पैसे न दिल्यामुळे नव्हे तर खर्चाचा हिशेब न आल्यामुळे पडतो. संस्था उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, पाठवत नाही, पुढचा हप्ता अडतो, आणि मार्चअखेर रक्कम परत जाते. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत हे प्रमाणपत्र द्यायचं असतं. अनुदान घेणाऱ्या तुझ्या ओळखीच्या प्रत्येक संस्थेला हे एकदा कानात सांग.

क्रीडा मंत्रालयाच्या मागण्यांवर सभागृहात स्वतंत्र चर्चा क्वचितच होते. बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात. खरी छाननी शिक्षण, महिला, बालके, युवक आणि क्रीडा यांच्या एकत्रित स्थायी समितीत होते. तिचा मागण्यांवरचा अहवाल दरवर्षी वाचत जा. मंत्रालयाने समितीची कोणती शिफारस स्वीकारली आणि कोणती नाकारली, हे पुढच्या ‘कृती अहवालात’ छापलेलं असतं.

आणि आता तुझ्या उपयोगाचा भाग, प्रश्न. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकिताला तोंडी उत्तर आणि वर उपप्रश्न, अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. तुला तारांकिताचा मोह होईल. तो टाळ. तासाभरात मोजकेच तारांकित प्रश्न पुकारले जातात आणि प्रत्येक जण मतदारसंघाचं गाऱ्हाणं मांडतो. अतारांकित उत्तरासोबत मात्र जिल्हानिहाय परिशिष्ट मिळतं, आणि तेच कामाचं. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न साधारण १५० शब्दांत बसवायचा, आणि नंबर सोडतीवर लागतो. म्हणून एकाच आशयाचा प्रश्न दोन-तीन खासदारांकडून जाऊ दे. सारखे प्रश्न आले की त्यांची नावं एकत्र जोडली जातात, काही बिघडत नाही.

प्रश्न कसा लिहायचा यावर सगळं अवलंबून. ‘आमच्या तालुक्यात कुस्तीचं केंद्र का नाही?’ असं विचारलंस तर उत्तर आजच सांगतो: क्रीडा हा राज्यांचा विषय आहे, विकासाची प्राथमिक जबाबदारी राज्य सरकारांची आहे, केंद्र त्यांच्या प्रयत्नांना पूरक मदत करतं. हे वाक्य शेकडो उत्तरांत शब्दशः सापडेल, आणि ते खोटंही नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची ३३ वी नोंद वाच. म्हणून केंद्राच्या पैशावर बोट ठेवायचं. असं लिही:

(अ) गेल्या तीन वर्षांत खेलो इंडिया योजनेतून महाराष्ट्राला वर्षनिहाय किती रक्कम मंजूर झाली आणि किती प्रत्यक्ष वितरित झाली;
(आ) राज्यातील खेलो इंडिया केंद्रांची जिल्हानिहाय व खेळनिहाय संख्या, आणि त्यांपैकी सध्या सुरू असलेली किती;
(इ) उपयोगिता प्रमाणपत्र न आल्याने किती केंद्रांचा हप्ता थांबला आहे;
(ई) प्रशिक्षकांचं मानधन थकलं असल्यास किती महिन्यांचं, आणि ते कधीपर्यंत दिलं जाईल.

‘का’ विचारू नकोस, ‘किती’ आणि ‘कधी’ विचार. ‘का’ ला धोरणाचं भाषण मिळतं. खेलो इंडियाच्या निवडक खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाखांची तरतूद सांगितली जाते, त्यातले १.२० लाख, म्हणजे महिन्याला दहा हजार, थेट त्याच्या हातात यायचे असतात. तुझ्या तालमीतल्या ज्या पोराची निवड झाली आहे त्याचं बँक पासबुक बघ. महिने चुकले असतील तर तो प्रश्नाचा पाचवा भाग.

उत्तरात ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असं आलं, तर नाराज होऊ नकोस. ते आश्वासन धरलं जातं, आणि ते साधारण तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. नाही केलं तर आश्वासन समिती मंत्रालयाच्या मागे लागते. तू फक्त प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख जपून ठेव.

उत्तेजकांचा, म्हणजे डोपिंगचा, विषय थोडक्यात लिहितो, कारण तो तुझी पोरं दुकानातून आणतात त्या पावडरीच्या डब्यांशी जोडलेला आहे. २०२२ चा उत्तेजकविरोधी कायदा अनुराग ठाकूर मंत्री असताना झाला. त्यात ‘नाडा’ या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेवर देखरेख ठेवणारं सरकारी मंडळ होतं, त्याला जागतिक संस्था ‘वाडा’ने हरकत घेतली. म्हणून २०२५ मध्ये प्रशासन विधेयकासोबतच दुरुस्ती आणून नाडाची कामकाजातली स्वायत्तता मान्य करावी लागली. वाडाची नाराजी किती महाग पडते ते आपण पाहिलं आहे: २०१९ ते २०२१ दिल्लीची प्रयोगशाळा निलंबित होती आणि नमुने परदेशी पाठवावे लागत होते. मल्लाला मात्र एकच सांग. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ‘दुकानदाराने दिलं’ म्हटल्याने दोष जात नाही, फार तर शिक्षा कमी होते. पावती आणि बॅच क्रमांक असलेला डबा जपून ठेवायला लाव.

युवक कल्याणाची बाजू या खात्यात कायम झाकोळलेली राहते. राष्ट्रीय सेवा योजना आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेलं ‘मेरा युवा भारत’ हे त्यातले मुख्य भाग, आणि वयोगट २०१४ च्या युवा धोरणाप्रमाणे १५ ते २९. नोकरीचा प्रश्न या खात्याला विचारला की तो कामगार खात्याकडे ढकलला जातो. सध्या मांडवियांकडे दोन्ही खाती आहेत, तेव्हा दोन्हींकडे वेगवेगळा विचार.

क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री रक्षा खडसे आपल्या रावेरच्या खासदार. त्यांना मराठीतून निवेदन चालेल, पण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. प्रश्नासाठी तुला तुझ्याच मतदारसंघाचा खासदार किंवा राज्यसभेतला कोणी गाठावा लागेल. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच त्यांच्या स्वीय सहायकाला भेट, क्रीडा मंत्रालयाचा वार कोणता ते विचार, आणि छापील मसुदा हातात दे. तोंडी सांगितलेलं तिथे टिकत नाही.

मसुदा पाठवण्याआधी मला दाखव. आकडे आणि योजनेचं नाव नेमकं आहे ना, तेवढं बघून लगोलग परत करतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत