वाडी गुंठ्यांची, मदत हेक्टरची

महोदय,

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. माजघरात बसून आम्ही पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मोडल्याचे कडाड आवाज मोजत होतो. पुढे मोजणं सोडलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच वाडीत, म्हणजे सुपारीच्या बागेत, शिरायला कोयत्याने वाट काढावी लागली.

बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले. आमच्याकडे हेक्टर आहे कुणाचा? माझ्या १२ गुंठ्यांचे त्या दराने सहा हजार. पडलेली खोडं ओढून काढायची मजुरीच त्याहून जास्त. पुढे झाडागणिक मदत ठरली, तेव्हा जरा बरं वाटलं.

पण उभ्या राहिलेल्या पोफळींचं काय? शेजारची सावली गेली, दुपारनंतरचं ऊन थेट खोडावर. आधी साल पिवळी पडली, मग काळी, मग खोड उभं चिरलं. पंचनाम्यात ती झाडं शाबूत! त्यातली नऊ मी पुढच्या दोन वर्षांत स्वतः तोडली. नवं रोप सुपारी धरायला सहा-सात वर्षं घेतं.

वादळानंतर वर्षाने वाड्यांचा दुसरा पंचनामा व्हावा, एवढीच मागणी.

— एक वाडीवाला, ता. श्रीवर्धन, जि. रायगड