बाणापुढे नुसता हेलियम नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अणुसंमीलनावरचा लेख आवडला. फ्रान्समधल्या ‘इटर’ या संमीलन-भट्टीच्या प्रकल्पाचा अजस्र क्रायोस्टॅट (भट्टीभोवतीचे निर्वात, थंड पात्र) घडवण्याचे काम गुजरातेत हजिऱ्याला झाले, हे अनेकांना प्रथमच कळले असेल. मात्र सोबतच्या आकृतीत भट्टीतून बाहेर पडणाऱ्या बाणापुढे फक्त ‘हेलियम’ लिहिले आहे, ते खटकले.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड भावंडे हे या भट्टीचे इंधन; त्यांचे अणू जुळून हेलियम बनतो. पण भट्टीत सोडलेला सगळा ट्रिटियम असा जळत नाही. इटरमध्ये फार तर एखादा टक्का जळेल, बाकीचा ड्युटेरियमसोबत जसाच्या तसा बाहेर येईल. म्हणजे त्या बाणात हेलियम चिमूटभर आणि न जळलेले इंधनच जास्त!

ते हवेत सोडून चालत नाही. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, अर्धायुष्य 12.3 वर्षे. त्याचे बीटा कण कातडीही भेदत नाहीत. पण ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे पाणी झाले की ते साध्या पाण्यासारखे शरीरभर पसरते, आणि या रूपात तो वायूपेक्षा हजारो पट घातक ठरतो. शिवाय तो दुर्मीळ. जगातला नागरी साठा वीस-तीस किलोंचा, तोही बहुतांशी कॅनडातल्या जडपाण्याच्या अणुभट्ट्यांमधून काढलेला. उलट एक गिगावॅट संमीलन-ऊर्जा वर्षभर अखंड काढायची तर सुमारे 55 किलो लागेल.

म्हणून भट्टीमागे एक आख्खा रासायनिक कारखाना उभारावा लागतो. आधी उणे 269 अंशांच्या आसपास थंड केलेल्या पत्र्यांवर हे वायू धरले जातात. हेलियम एवढ्या थंडीतही गोठत नाही, म्हणून पत्र्यांवर कोळशाचा थर देतात, आणि तो कोळसा असतो नारळाच्या करवंटीचा! आम्हा कोकणवासीयांना याचे कौतुक वाटणारच. मग पॅलेडियम-चांदीचा पातळ पडदा येतो. त्यातून हायड्रोजनचे भाऊबंद तेवढे पार होतात, हेलियम व इतर वायू अलीकडे राहतात. मिथेन आणि वाफेत दडलेला ट्रिटियम उत्प्रेरकांनी सोडवून घेतात. पुढे अतिशीत ऊर्ध्वपातन, म्हणजे हे भाऊबंद अतिथंड द्रवरूपात आणून उत्कलनबिंदूंतल्या फरकावर एकमेकांपासून वेगळे करणे. हायड्रोजन आणि ट्रिटियम यांच्या उत्कलनबिंदूंत पाच अंशांचेही अंतर नाही, त्यामुळे हे काम फार नाजूक.

एवढे करूनही इमारतीच्या हवेत थोडा निसटतोच. तो पकडताना मुद्दाम त्याचे पाणी करतात. वायूपेक्षा घातक रूप, पण पकडायला सोपे. ते पाणी शोषून घेऊन, विद्युत विघटन करून ट्रिटियम परत मिळवायचा.

पुढच्या लेखात आकृती दिलीत तर भट्टी आणि धुराडे यांच्यामध्ये हा कारखानाही काढावा. जागा बरीच लागेल.

— एक निवृत्त रसायन अभियंता, रत्नागिरी