अडीच इंच चिखलाचं काय करायचं, मंत्रिमहोदय?

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यातल्या पावसात वरच्या डोंगरावरनं तांबडा चिखल उतरला आणि माझ्या अकरा गुंठ्यांच्या खाचरात येऊन बसला. घनसाळ भाताची लावण होऊन आठच दिवस झाले होते. सकाळी बघतोय तर रोप दिसेना आणि बांधही दिसेना. पंचनाम्याला तलाठी आले (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, बदललं ते तेवढंच). त्यांनी पट्टी काढली, चिखलात तीन ठिकाणी खुपसली आणि म्हणाले, "अडीच इंच. नियम तीन इंचांचा आहे." तीन इंचांच्या वर गाळ साचला तरच तो उपसायला सरकारी मदत मिळते. त्याच जागी माझा पाय पोटरीपर्यंत रुतला होता, पण पायाला शासनमान्यता नाही.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण घरकुलाची यादी अजून लागायची आहे. राधानगरीपासून चंदगडपर्यंतच्या पट्ट्यात कुठंतरी, एवढं समजून घ्या.

हा चिखल आभाळातनं पडला नाही, साहेब. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तुमच्या खात्याच्या एका साहेबांनी सगळ्या गावासमोर शब्द दिला होता : वरच्या जंगलात यंत्र घालणार नाही, लागवडीचे खड्डे गावची माणसं हातानं काढतील, मजुरी गावातच राहील. आम्ही टाळ्या वाजवल्या. चहाचा खर्चही गावानंच केला. मे महिन्यात ठेकेदाराचा जेसीबी चढला. डोंगराच्या कडेकडेनं, समपातळीत जायला हवे ते चर त्यानं यंत्र वळवायला सोपं पडेल तसे तिरके ओढले. पहिल्या जोराच्या पावसात एक भरला, फुटला, खालच्यात घुसला, मग तो फुटला.

मी पावलांनी मोजलंय. साठेक चर, एकेक पाचशे फुटांचा, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. हिशेबात चूकभूल असेल, पण नऊशे ब्रास माती होते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). आमच्या पोरानं घराच्या पायात घालायला एक ट्रॉली मुरूम आणला तर रॉयल्टीची पावती कुठाय म्हणून ट्रॅक्टर अडवतात. नऊशे ब्रास उपसले त्याची पावती कुणी मागायची?

चर म्हणजे वाईटच, असं मी म्हणत नाही. उघड्या माळावर पाणी जिरवायला ते चांगलेच. पण जिथं जमीन मुळातच स्पंजासारखी पाणी पिते तिथं तो स्पंज फाडून चर काढायचे, ही अक्कल कुणाची?

आमच्याकडचा डोंगर जांभ्याचा. या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, पण झाडाला लागणारं अन्न फार थोडं, आणि तेही वरच्या चार-सहा बोटांत. पाचोळा पडतो, वाळवी, गांडूळ, बुरशी तो कुजवतात, मुळं तिथल्या तिथं उचलतात. खाली नुसता मुरूम आणि कातळ. जेसीबीनं काय केलं, तर वरचं काळं खाली गाडलं आणि खालचं तांबडं वर पसरलं. वीतभर माती व्हायला हजारो वर्षं लागतात. ठेकेदाराला तीन दिवस लागले, त्यातला एक डिझेल नाही म्हणून गेला.

विश्वास नसेल तर या. देवराईत नेतो. देवाच्या भीतीनं तिथला पाचोळासुद्धा कुणी उचलत नाही. हात घातला तर मनगटापर्यंत जातो, मूठ उघडली तर मातीत पांढरे बारीक धागे दिसतात, पहिल्या पावसाचा वास भर एप्रिलमध्ये येतो. मग तिथनं दोनशे पावलांवर तुमच्या हद्दीत चला. फेब्रुवारीत तिथं वणवा गेला. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत-पाचोळा काढून मोकळा ठेवायचा पट्टा, कागदावर काढली होती, जमिनीवर कुणी काढली नव्हती. नंतर मी मुद्दाम तांब्याभर पाणी ओतून बघितलं. पाणी मुरलं नाही, अळवाच्या पानावर पळावं तसं घरंगळत गेलं. पाचोळा जळताना त्यातला मेणचट अंश मातीच्या कणांवर बसतो, म्हणून असं होतं. नत्र धुरात जातं आणि उरलेली राख पहिल्या वळवात ओढ्यात. आमचीही माणसं गवत चांगलं यावं म्हणून काडी टाकतात, खोटं कशाला बोलू. पण विझवायला झाडाच्या फांद्या घेऊन मीच गेलो होतो, चौसष्टाव्या वर्षी, आणि त्या रात्री घसरलेला गुडघा अजून धड नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. तो पंचनामा कुठल्या नियमात बसतो?

वरचा झरा यंदा मार्चमध्येच आटला. माझ्या लहानपणी तो मृगापर्यंत चालायचा. बायको कळशी घेऊन अर्धा मैल जाते आणि येताना मला बोलते, तुम्हाला नाही.

पाऊसही बदललाय. पूर्वी झड लागायची, आठ-आठ दिवस बारीक पाऊस, माती निवांत प्यायची. आता चार दिवस कोरडे आणि मग एका रात्रीत सगळं. अशा पावसात उघडी माती टिकत नाही. ती भोगावतीत, पंचगंगेत जाते, धरणात बसते. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या पुढं गेली, तेव्हा सगळे कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर भांडत होते. भांडा, पण एकदा डोंगराकडंही बघा.

केंद्र सरकारनं २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका आणली. शेताच्या मातीची बारा गोष्टींसाठी तपासणी. छान योजना. मी जंगलातली माती पिशवीत भरून तपासायला नेली. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "गट नंबर? खातेदार कोण?" मी म्हटलं, महाराष्ट्र शासन. "मग शासनाला येऊ दे." हसायला आलं नाही, पण तो माणूस बरोबर बोलला. जंगलाची माती कुणाच्याच नावावर नाही.

तुमच्याकडं मोजतात ती झाडं. २०१९ ला ३३ कोटींचं लक्ष्य होतं, मुंबईत आकडे सांगून झाले. आमच्या डोंगरावर त्याच्याही आधीपासून ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी आहे. तिचा चामड्यासारखा पाला लवकर कुजत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, खाली करवंदसुद्धा नीट येत नाही. पण डेहराडूनच्या वन सर्वेक्षणात एक हेक्टरवर दहा टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन. ऐन-किंजळ-जांभळाचं रान आणि बाभळीची रांग, उपग्रहाला दोन्ही हिरवंच.

आणि पश्चिम घाट? तो कसा जपायचा हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. त्यानंतर पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना सहा वेळा निघाली, सहावी ३१ जुलै २०२४ ला. मुलीच्या लग्नाचा मसुदा सहा वेळा काढला असता तर व्याह्यांनी जोडे मारले असते. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला मात्र कशी घाई! बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, याच जांभ्याच्या पोटातला माल. तो काढायचा म्हटलं की या मातीची किंमत सगळ्यांना बरोबर कळते.

माझं मागणं फार नाही. उभ्या जंगलात जेसीबी नको. जाळरेषा जानेवारीत जमिनीवर काढा. लागवडीआधी आणि तीन वर्षांनी तिथली माती तपासा, झाडं मोजता तशी. आणि माझ्या खाचरातला चिखल मोजायला पुन्हा माणूस पाठवा, या वेळी लांब पट्टी घेऊन.

उत्तराची वाट बघत बसणार नाही, कारण पोरं सांगतायत की शेजारच्या डोंगराचंही काम निघालंय आणि यंत्र सोमवारी येणार. मी वाटेत बसणार आहे. गुडघ्यामुळं खाली बसता येत नाही, म्हणून शाळेतली एक खुर्ची मागून ठेवली आहे.

आपला,
अडीच इंचवाला शेतकरी
जि. कोल्हापूर