प्रबंधाचं नाव एक, पण कारणं दोन

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. भुंगेऱ्यांवरच्या प्रबंधाला जमीनवापरातले बदल घ्यावेत की हवामानबदल, यावर तुझं घोडं अडलंय आणि समितीला एकच नाव हवंय. नाव एक दे, बिनधास्त दे. पण दुसऱ्या कारणाला अभ्यासातून वगळू नकोस. वगळायला गेलीस तर ते तुझ्या आकडेवारीत चोरपावलांनी शिरेल आणि तुला पत्ताही लागणार नाही.

तू आयपीबीईएसचा, म्हणजे जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंचाचा, २०१९चा अहवाल पुढे केला आहेस. जैवविविधतेच्या ऱ्हासाच्या कारणांत जमीन आणि समुद्राच्या वापरातले बदल पहिले, शिकार, तोड, मासेमारी असा थेट उपसा दुसरा आणि हवामानबदल तिसरा. क्रम बरोबर आहे, धोरणं ठरवणाऱ्यांना तो लागतोही. पण तो वाचून वाटतं की ही कारणं रांगेत उभी राहून आपापलं काम वेगवेगळं उरकतात. रानात तसं होत नाही.

जीवशास्त्रज्ञ कॅमिल पार्मेसान यांचा १९९६चा शोधनिबंध पुन्हा काढ. निष्कर्ष सगळेच सांगतात, तू पद्धत वाच. एडिथ्स चेकरस्पॉट हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातलं फुलपाखरू. जुन्या नोंदींत ते जिथे सापडलं होतं, त्या जागा त्यांनी मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत पुन्हा धुंडाळल्या. प्रत्येक ठिकाणी पाहिलं, की अळीला लागणारी झाडं अजून आहेत का, अधिवास शाबूत आहे का. जिथे तो मोडला होता त्या जागा हिशेबातून काढल्या. उरलेल्या, दिसायला धडधाकट जागांतही मेक्सिकोकडच्या वसाहती कॅनडातल्यांपेक्षा चौपट प्रमाणात नाहीशा झालेल्या निघाल्या, आणि उंचावरच्या जास्त तगलेल्या, म्हणजे फुलपाखरू थंडाव्याकडे सरकत होतं. ती चाळणी लावली नसती तर कुणीही म्हणालं असतं, ‘घरं आणि शेतं वाढली, म्हणून फुलपाखरं गेली’, आणि त्यावर उत्तर नव्हतं. हवामानावरच्या या निबंधाचा निम्मा जीव जमीनवापरात आहे तो असा.

आता उलट बाजू. ब्रिटनमध्ये ४६ प्रकारची फुलपाखरं आपल्या उत्तरेकडच्या हवामानसीमेवर राहतात. ऊब वाढली की ती पसरायला हवीत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांपैकी तीन-चतुर्थांश घटलेली निघाली. कुठेही निभावून नेणाऱ्या आणि लांबवर फिरणाऱ्या प्रजातींपैकी निम्म्या पसरल्या, पण ठरावीक अधिवास लागणाऱ्यांपैकी ८९ टक्के घटल्या. हवा अनुकूल झाली, पण पुढचं कुरण शेतांच्या पलीकडे, उडून पोचण्याच्या टप्प्याबाहेर राहिलं.

याच देशातलं सिल्व्हर-स्पॉटेड स्किपर हे फुलपाखरू मला फार आवडतं. त्याची मादी खुरट्या गवतावर अंडी घालते, शेजारी उघडी, तापलेली माती असेल अशा ठिकाणी. १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीने ससे मेले. गवत खुडणारं कुणी उरलं नाही, ते उंच वाढलं, त्याच्या सावलीत जमीन गार पडली आणि स्किपर ओसरला. हवामानखात्याच्या तापमापकावर काहीच घडलं नव्हतं! पुढे चराई सुधारली, उन्हाळेही तापले, तशी मादी दक्षिणेकडचा उबदार उतार सोडून इतर उतारांवरही अंडी घालू लागली. या पुनरागमनाचं श्रेय चराईला किती आणि तापमानवाढीला किती, हे सांगणाऱ्याशी मी तरी जरा सावधपणे बोलेन.

कीटकांवरचं २०२२चं काम तू वाचलं असशीलच. जिथे सघन शेती आणि मोठी तापमानवाढ दोन्ही आहेत, तिथे कीटकांची संख्या तापमान न वाढलेल्या नैसर्गिक अधिवासांपेक्षा जवळपास निम्मी, म्हणजे ४९ टक्के कमी निघाली. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची ओळ. कमी तीव्रतेच्या शेतीत, आसपास ७५ टक्के नैसर्गिक अधिवास असेल तर घट ७ टक्के, आणि २५ टक्केच उरला असेल तर ६३ टक्के. ऊन सोसवेल की नाही हे शेजारच्या जमिनीवर ठरतं.

म्हणून तुझ्या जागांच्या यादीबद्दल बोलू. तू पाठवलेल्या नकाशात सखल भागात सगळी शेती आहे आणि उंचावर सगळं जंगल. सखल भाग उष्णही आहे. अशा जागांवर तू वर्षानुवर्षं मोजत राहिलीस तरी उष्णतेचा परिणाम कुठे संपतो आणि नांगराचा कुठे सुरू होतो हे कुठलंही सांख्यिकी मॉडेल सांगणार नाही. (मॉडेल आकडा देईल, ते देतंच. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा भाग वेगळा.) उंचावरची शेतं शोध आणि सखल भागातले उरलेसुरले रानाचे तुकडे शोध. त्या आडवळणाच्या जागांवरच तुझा प्रबंध उभा राहील.

दुसरा मार्ग म्हणजे जिथे जमीन फारशी बदललीच नाही अशी जागा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं योसेमिटी १८९०पासून राष्ट्रीय उद्यान आहे. प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या प्राण्यांच्या तपशीलवार नोंदी केल्या. साधारण शतकाने बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच वाटांवर पुन्हा सापळे लावले, तेव्हा छोट्या सस्तन प्राण्यांच्या २८ प्रजातींपैकी निम्म्या सरासरी ५०० मीटर वर सरकलेल्या आढळल्या. ग्रिनेल यांच्या वह्यांत कुठे, कधी, किती सापळे हे नसतं तर या तुलनेला अर्थ नव्हता. तुझ्या वहीत ‘ओढ्याजवळ, सकाळी’ असं लिहिलेलं मला दिसलं तर मी रागावेन, आत्ताच सांगते.

जुने नकाशेही मागव. जंगलाचा तुकडा एकटा पडला तरी त्यातल्या प्रजाती लगेच जात नाहीत, काहींना दशकं लागतात. आज तुला दिसणारी गर्दी कदाचित जुन्या जंगलाची असेल, आजच्या तुकड्याची नसेल. आणि तापमान नोंदवणारी यंत्रं माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगू नकोस. तुझे भुंगेरे जमिनीवर राहतात, तिथलं मोज, यंत्रावर सावली धरून.

समितीला ‘जमीनवापर’ असंच कळव, माझी हरकत नाही. जागा पक्क्या करण्याआधी मात्र यादी मला पाठव. उंचावरची शेतजमीन पुरेशी सापडली नाही तर प्रश्नच बदलावा लागेल, आणि तो आत्ता बदललेला बरा.

तुझी,
आई