पाण्यामागून आलेलं गाव

प्रिय मित्रा,

वहिनींनी विचारलं होतं, "त्या वाळवंटात बायकामुलं घेऊन माणसं राहतात तरी कशी?" उत्तर आज लिहितो आहे. काल धाकटीने नळ उघडाच टाकला आणि मी तिच्यावर ओरडलो. मग रात्री झोप लागेना.

इथे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगूर्लीत वर्षाला जेमतेम २६० मिलिमीटर पाऊस पडतो. नदी नाही. तळी आहेत, पण मिठाची. १८९२ साली जवळच्या कूलगार्डी गावी सोनं सापडलं, १८९३ च्या जूनमध्ये हॅनन, फ्लॅनगन आणि शे या तिघांना इथे सापडलं, आणि माणसांची रीघ लागली. पाणीच नसल्याने सोनं वेगळं करायला खडी धुणार कशी? मग आपण धान्य उफणतो तशी ती वाऱ्यावर उफणत. हलकी माती उडून जाई, जड सोनं खाली राही. आधी पुरुष एकेकटे आले. १८९६ ला रेल्वे पोचली आणि तेव्हापासून बायकामुलंही मोठ्या संख्येने येऊ लागली.

घर म्हणजे लाकडी सांगाडा, त्याला ताणून शिवलेलं गोणपाट आणि वरून चुन्याचा हात. बाहेर पाऱ्याने चाळिशी ओलांडलेली. दूध-लोणी टिकावं म्हणून कूलगार्डीतच एक दुभत्याचं कपाट निघालं. त्याच्या चारही बाजूंना गोणपाट, वर पाण्याचं पन्हाळ, त्यातून पाणी झिरपत राहायचं आणि वारा लागला की आत गारवा. मला या कपाटाचं फार अप्रूप वाटतं. पण त्यालाही पाणी लागायचंच, आणि पाणी गॅलनवर विकत घ्यावं लागे! खारं पाणी लाकडाच्या जाळावर उकळून, वाफ थंड करून ते मिळवत. एकाच पाण्यात एकामागून एक पोरांची अंघोळ, मग त्यातच कपडे, उरलं तर झाडाला. विषमज्वराने तर गावं पोखरली. कूलगार्डीच्या दफनभूमीत गेलो होतो. कित्येक थडग्यांवर नावच नाही. आईला कळलं तरी असेल का, आपला मुलगा कुठे पुरला ते?

आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या भूमीवर वांगकाथा लोक हजारो वर्षं राहत होते. खडकातल्या पाण्याच्या खळग्यांवर दगड झाकून ते पाणी जपायचे. सोन्यामागे आलेल्यांनी ते खळगे उपसून कोरडे केले, पाणी दाखवावं म्हणून काहींना धरून बांधूनही नेलं. नव्यांचे संसार उभे राहिले ते दुसऱ्यांचे उठवून. याचं दुःख इथे राहायला लागल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

शेवटी पाणी आणलं सी. वाय. ओ'कॉनर या अभियंत्याने. पर्थजवळच्या डोंगरात मंडारिंगला धरण, तिथून सुमारे ५३० किलोमीटर पोलादी नळ आणि वाटेत ८ पंपगृहं, कारण पाणी तीनशेहून अधिक मीटर वर चढवायचं होतं. वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. १० मार्च १९०२ ला त्याने स्वतःचं जीवन संपवलं. २४ जानेवारी १९०३ ला इथे पाणी पोचलं. विकतच्या गॅलनांवर दिवस काढलेल्या एखाद्या बाईने पहिल्यांदा घरातच तोटी फिरवली असेल, तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे मी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणून बघतो.

सकाळी धाकटीला जवळ घेतलं आणि हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तेच पाणी आपल्याकडे येतं?" हो, त्याच वाटेने, मंडारिंगहूनच.

तुम्ही याल तेव्हा पर्थहून विमानाने येऊ नका. मी गाडी घेऊन न्यायला येईन. महामार्गाच्या कडेने तो पाइप मैलोन् मैल सोबत करतो. वाटेत कुठेतरी थांबू आणि वहिनींना त्यावर हात ठेवायला सांगू.

तुझाच,
कालगूर्लीकर