जेवलीस का?

कोलकाता, १२ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

रोज फोन होतो, तरी पत्र लिहायला बसले. काही गोष्टी फोनवर माझ्याच्यानं बोलवत नाहीत.

बाबा, तुम्ही रोज विचारायचा, "जेवलीस का?" मी हो म्हणायचे. पुष्कळदा ते खोटं होतं. मोहरीच्या तेलाच्या वासानंच भूक मरायची. आईनं दिलेलं भडंग मूठमूठ खाऊन मी महिनाभर पुरवलं. पहिल्या चाचणीत तीसपैकी नऊ मिळाले, तेही सांगितलं नाही.

अभ्यासाचं आता बरं आहे. आमची सांख्यिकी संस्था १९३१ साली महालनोबिसांनी काढली. बंगालात तागाखाली किती जमीन आहे, हे त्यांनी सगळी शेतं न मोजता, थोडी निवडून काढलं. तुम्ही चार वेलींचे घड मोजून बागेचा अंदाज बांधता ना, त्याचंच गणित मी शिकते आहे. ते उमगलं त्या दिवशी तुमची फार आठवण झाली.

संध्याकाळ मात्र जड जाते. नोव्हेंबरपासून इथे पाचच्या आत दिवस मावळतो. तासगावात तेव्हा अंगणात ऊन असतं, आईच्या दिव्याला अजून दीड तास असतो. अशाच एका संध्याकाळी खाली घरमालकीण, त्यांना मी मासीमा म्हणते, नातवाला थोपटत गात होत्या. त्यात 'बर्गी' शब्द आला आणि मी जिन्यातच थांबले. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा फौजेतले घोडेस्वार. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालवर आली, तिच्या धास्तीनं इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. खंदक कधीच बुजला. अंगाई राहिली: पाखरांनी धान खाल्लं, आता शेतसारा कशानं भरू?

शाळेत ही स्वारी आपण एका ओळीत शिकलो होतो. त्या ओळीपलीकडे शेतकरीच होते, हे मला जिन्यात उभं राहून कळलं. अवकाळीनं घड कुजले त्या वर्षी तुम्ही रात्रभर पडवीत बसला होता, बाबा, तेच डोळ्यांसमोर आलं.

मासीमांनी मला पाहिलं. विचारलं, "खेयेछो?" जेवलीस का?

मी पहिल्यांदा खरं सांगितलं, नाही म्हणाले. त्यांनी ताट वाढलं. गरम भात, मसुराची डाळ, खसखस वाटून केलेला बटाटा. तेल मोहरीचंच होतं. मी दोनदा भात घेतला. आता आठवड्यातून दोन-तीनदा त्यांच्याकडेच जेवते. आई, येताना मी खसखशीची रीत शिकून येणार आहे, तुझ्या पाट्यावर वाटू.

सुट्टीत पुण्यापर्यंत आझाद हिंद एक्स्प्रेसनं येईन. मासीमांसाठी दोन किलो बेदाणे काढून ठेवा.

मी माझं सगळं सांगितलं. आता तुम्हीही सांगा. बाबांचा डोळा दाखवला का? आई फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणते. डॉक्टर काय म्हणाले, ते जसंच्या तसं लिहा.

तुमची लेक